शंभर टक्के एकमत

मी आता जे सांगणार आहे त्यावर अख्ख्या तळोद्यात एक माणूस विश्वास ठेवणार नाही, हे मी आधीच मान्य करतो. माझ्या घराच्या ओट्यावर, दिवसाउजेडी, चहाचा कप शेजारी असताना, एक पूर्ण नदी पुसली गेली. पाण्यासकट, गाळासकट, माशांसकट. आणि ओटा ओलासुद्धा झाला नाही.

हे वाक्य मी आज दुपारी जीपथांब्यावरच्या भाग्येशच्या हॉटेलात टाकलं. भाग्येश चहा गाळत होता. त्यानं हात थांबवला नाही, नुसतं विचारलं, "चाचा, कोनी पुसी?"

"ऐकणार असशील तर सांगतो."

"ऐकी ऱ्हायनू ना. आठे दुसरं काय काम शे?"

बाकावर आणखी एकच जण होता. डोंगरातल्या गावांना जीप नेणारा नवा ड्रायव्हर, ईश्वर. सीट भरायची वाट बघत भजी खात होता. मला दोन कान मिळाले की मी चार मिळाल्यासारखा बोलतो, हे भाग्येशला ठाऊक आहे. म्हणून त्यानं माझा कप आधीच भरून ठेवला.

मी युसुफ मनियार. डोंगरातल्या बायकांच्या हातात बांगड्या भरण्यात माझी उमर गेली. पाठीवर पेटी, पेटीत काच, आणि वर चढणारी जीप. मनगट हातात घेतलं की बाई कोणत्या गावची, सासू कशी आणि यंदा मका किती पिकला, हे मला विचारावं लागायचं नाही. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात माझ्याभोवती एवढी गर्दी व्हायची की शेजारचा ढोलवाला वैतागून माझ्याच दुकानासमोर वाजवायचा. पावरी, म्हणजे तिथली बोली, मी अशी बोलायचो, की डोंगरातली कुत्रीसुद्धा माझ्यावर भुंकायची नाहीत.

"हाई मांगल्या येळले वाघ व्हता," भाग्येश म्हणाला.

"वाघही भुंकायचा नाही. मध्ये बोलू नकोस."

तर या कीर्तीमुळेच ममता माझ्याकडे आली. ममता म्हसावदची पोरगी, कॉम्प्युटर शिकलेली. तळोद्यातल्या एका संस्थेत पावरी बोलीचे शब्द जमवायचं काम करते. शब्द, त्याचा अर्थ, आणि ज्यानं सांगितला त्याचा आवाज, असं सगळं मोबाइलमध्ये. पुढे त्यातून शाळेची पुस्तकं होणार, डोंगरातल्या पोरांना आपल्या बोलीतला शब्द दाबून ऐकता येणार. ती म्हणाली, "चाचा, जमवणं झालं. आता तपासणं आहे, आणि तेच अवघड आहे." तिनं मला दाखवलं. कुठे आवाज होता पण अर्थ कोरा. कुठे एकच शब्द दोनदा आलेला, एकदा झाड म्हणून आणि एकदा पाखरू म्हणून. एका ठिकाणी तर बाई शब्द सांगतेय आणि कोंबडा मध्येच बोलतोय, आणि कोणीतरी कोंबड्याचंच लिहून घेतलेलं.

कामाची रीत अशी. प्रत्येक शब्द दोन जाणत्या माणसांनी ऐकायचा. दोघं वेगळ्या गावचे, आणि एकमेकांना विचारायचं नाही. फोनवर तीन बटणं. ‘बरोबर’, ‘नाही’, आणि ‘माहीत नाही’. दोघांनी ‘बरोबर’ दाबलं की शब्द आत. दोघांनी ‘नाही’ दाबलं की शब्द बाहेर, त्याच्याकडे पुन्हा कोणी बघत नाही. पण एकानं हो आणि एकानं नाही म्हटलं, तर ममता तो शब्द घेऊन परत गावात जाणार, चार माणसांना विचारणार.

"म्हणजे भांडण झालं की शब्द वाचतो," मी म्हणालो.

"हो चाचा. म्हणून तर दोघं लागतात. आणि माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ दाबायला लाजू नका. ते बटण मी मुद्दाम मोठं केलंय."

दोघांपैकी एक मी. दुसरा भीमसिंग, वरच्या डोंगरातला शेतकरी. दिवाळीआधी शिकवणीच्या दिवशी तो आला, फोन हातात घेतला, दोन-चार शब्द ऐकले, बटणं दाबली आणि फोन असा टेबलावर ठेवला जसा काही तो अंडं आहे. भीमसिंग बोलतो कमी. त्याच्या गावात नेटवर्क नाही. मग मीच ममताला म्हणालो, "त्याचाही फोन माझ्याकडं राहू दे. बाजाराच्या दिवशी तो खाली येतोच. माझ्या ओट्यावर बसून दाबेल." ममताला बरं वाटलं. पोरगी सगळीकडं एकटीच पळत असते.

"आणि तो यायचा?" भाग्येशनं विचारलं.

"दर बाजाराला. ओट्याच्या त्या टोकाला तो, या टोकाला मी. चहात साखर एवढी, की चमचा उभा राहायचा. एकदा त्यानं शेळी सोबत आणली. तिनं हेडफोनची वायर खाल्ली, आणि पुढचा तासभर तिच्या पोटातून बाया शब्द सांगत होत्या."

"शेळीनी कोनतं बटन दाबं मंग?"

"शेळीनं दाबलं असतं तर बरं झालं असतं," मी म्हणालो.

हे मी हसत म्हणालो. पण खरं सांगतो, तिथून पुढे हसणं माझ्या तोंडात टिकलं नाही. कारण पुढे फुलीबाईचा आवाज येतो.

फुलीबाई नदीकाठच्या गावची. ते गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं त्याला बरीच वर्षं झाली. आता ती तळोद्याजवळच्या पुनर्वसन वसाहतीत राहते, जिथं हातपंप आहे पण नदी नाही. ममतानं तिचा आवाज घेतला तेव्हा ती अख्खी दुपार बोलली. नदीचे शब्द. पूर ओसरल्यावर काठावर जो मऊ गाळ राहतो त्याला एक. त्याच गाळाला भेगा पडल्या की दुसरा. खडकाआड थांबलेलं पाणी, ज्यात कपडे धुवायचे नाहीत, त्याला एक. रात्री जाळ्यात येणारा मासा आणि पहाटे येणारा तोच मासा, यांना वेगवेगळी नावं. पलीकडच्या काठावरून माणसानं माणसाला दिलेली हाक, तिलासुद्धा एक शब्द. ते शब्द मी इथं लिहीत नाही. माझ्या हातून पुन्हा चुकायचे.

हे शब्द सांगणारी माणसं आता बोटावर मोजण्याइतकी उरली आहेत, आणि त्यातली बरीच ऐकू न येणारी. फुलीबाईचं डोकं अजून ठणठणीत आहे. ममता म्हणायची, ही बाई म्हणजे आमची खाण.

"मग भीमसिंगनं काय केलं?" ईश्वरनं पहिल्यांदाच तोंड उघडलं. भज्याचा कागद त्यानं चुरगाळून बाजूला ठेवला होता.

"दाबलं ‘नाही’. एक ऐकला, नाही. दुसरा ऐकला, नाही. असा शब्दच नसतो म्हणाला."

"त्याले त्यानीच बोली येत नही का?" भाग्येश म्हणाला.

"तो वरच्या डोंगरातला, ती नदीवरची. नदीचं त्याला काय ठाऊक? पण ‘माहीत नाही’ दाबायला माणसाला जीवावर येतं, भाग्येश. ते बटण एवढं मोठं होतं, समोर होतं, आणि अंगठा त्याच्यापर्यंत जायचा आणि परत यायचा. जग तुला जाणता म्हणून बसवतंय, चहा देतंय, आणि तू पहिल्याच शब्दाला म्हणणार, मला माहीत नाही? दुसऱ्याला म्हणणार? तिसऱ्याला? मग लोक म्हणतील, याला बसवलाच कशाला. आधी जरा धडधडतं. मग तू स्वतःलाच सांगतोस, एवढी वर्षं आपण कधी हा शब्द ऐकला नाही, म्हणजे नसेलच. मग अंगठा आपोआप जातो. नंतर नंतर तर शब्द पूर्ण ऐकायचीही गरज पडत नाही."

"असं भीमसिंगला वाटायचं," ईश्वर म्हणाला.

"त्यालाच. त्याच्या तोंडावर दिसायचं."

"मंग तुम्ही काय कयं?" भाग्येशनं विचारलं.

"माझी चूक एवढीच, की मी त्याच्याकडं बघून दाबलं. विचारायचं नाही अशी रीत होती, मी विचारलं नाही, नुसतं बघितलं. म्हटलं, त्याची बोली, त्याला जास्त कळणार. त्यानं नाही, मी नाही. झालं. नदी बाहेर."

भाग्येशनं दुधाखालचा गॅस बारीक केला. म्हणजे आता तो खरंच ऐकत होता.

काम संपलं तेव्हा ममतानं हिशोब काढला. आधी खुश होऊन आली. "चाचा, तुमचं आणि भीमसिंगदादांचं एकमत शंभर टक्के आहे." मी मिशीवर हात फिरवला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली आणि ओट्यावर बसली नाही, उभीच राहिली. म्हणाली, "चाचा, माझे आईबाबा एका घरात राहतात, तरी डाळीत मीठ आधी की नंतर यावर त्यांचं जमत नाही. दोन गावची दोन माणसं सगळ्याच शब्दांना एकच कसं म्हणतील? कुठंतरी खटका उडायलाच हवा होता."

मी म्हणालो, "आम्ही जुनी माणसं. आमचं पटतं."

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. मला वाटतं, रागानं बघितलं असतं तर मी तेव्हाच काहीतरी बोललो असतो. ती म्हणाली, "बरं. मग वसाहतीत सगळ्यांना ऐकवू, म्हणजे कळेल."

वसाहतीत समाजमंदिरासमोर तिनं स्पीकर लावला. बाया, म्हातारे, पोरं, सगळे जमले. ज्याचा आवाज येईल तो लाजायचा, बाकीचे त्याला कोपरानं ढोसायचे. एका म्हाताऱ्याचा आवाज आला तेव्हा त्याची बायको म्हणाली, घरात एवढं गोड कधी बोलला नाही. फुलीबाई पुढे बसली होती. नवं लुगडं, चांदीची कडी, सगळं घालून. ती शेजारणींना सांगत होती की माझे खूप आहेत, जेवण करपेल तुमचं.

तिचा आवाज आला. एक शब्द. ‘बांगडी’.

मग दुसऱ्या बाईचा आवाज सुरू झाला.

फुलीबाई वाट बघत राहिली. पुढचा आवाज दुसऱ्याचा. त्याच्या पुढचा तिसऱ्याचा. सगळं संपलं, ममतानं स्पीकर बंद केला, तरी ती बसून होती. कोणीतरी मागून म्हणालं, "फुलीबाई, अख्खी दुपार बसून एकच बांगडी भरली?" आणि हसू फुटलं. चांगल्या मनाचं हसू होतं ते, पण त्या बाईचं तोंड मी बघितलं. आपलंच घर दाखवायला पाहुण्यांना घेऊन जावं आणि जागेवर नुसतं पाणी दिसावं, तसं. तिच्या बाबतीत हे दुसऱ्यांदा होत होतं.

ममता उभी राहून म्हणाली, "मावशी, तुमचे बाकीचे शब्द तपासणीत ‘असा शब्द नाही’ म्हणून निघाले." तिनं माझ्याकडं बघितलं नाही. पण फुलीबाईनं बघितलं.

ती मराठीत बोलली नाही, पण मी मराठीत सांगतो. ती म्हणाली, "युसुफ, तू? तुला आमची बोली कुठं येते रे?"

मी म्हणालो, "मावशी, उमर गेली माझी तुमच्यात."

"उमर गेली, पण तू यायचास तेव्हा आम्ही तुझ्या तोंडाला पेलेल असं बोलायचो. पाहुणा आला की त्याला अडखळू द्यायचं नाही, अशी आमची रीत. बांगडी, मणी, लाल, हिरवी, घट्ट, सैल. एवढंच तर तुझ्याशी बोललो आम्ही. तू गेलास की मग आपसात बोलायचो."

आता सगळे माझ्यावर हसले. हे हसू वेगळं होतं. भाग्येश, अख्खं आयुष्य मी ज्याला पावरी समजून मिरवत होतो, ती त्या लोकांनी माझ्या मापानं कापून दिलेली चिंधी होती. मनगट धरून गाव ओळखायचो म्हणे. त्या बायकाच मला आधी सांगायच्या, आणि मी ओळखलं असं मला वाटू द्यायच्या. कुत्री भुंकायची नाहीत, कारण वास ओळखीचा होता. मला जमीन दुभंगावी असं झालं. आणि मग फुलीबाईनं विचारलं, "एकट्यानं काढले का माझे शब्द?"

"आणि तुम्ही भीमसिंगचं नाव सांगितलं," ईश्वर म्हणाला.

"खरं होतं ते सांगावं लागलं. तो त्या दिवशी आलाच नव्हता, ताप होता त्याला."

यात वाईट असं, की फुलीबाई भीमसिंगची विहीण लागते. तिची पोर त्याच्या घरात दिलेली. माझ्या तोंडून नाव निघालं आणि ती उठून गेली. परकी माणसं हसली तर तिला चाललं असतं, पण व्याह्यानंच म्हणावं की तुझी बोली म्हणजे काही नाही? होळीला तिनं पोरीला माहेरी बोलावलं नाही. भीमसिंगच्या घरून कोणी आलं तर पाणीसुद्धा विचारत नाही. आणि ममतासमोर आता ती तोंड उघडत नाही. म्हणते, माझ्या व्याह्यानं चार माणसांत चूक कबूल केल्याशिवाय एक शब्द देणार नाही. ममता तीन खेपा घालून आली. फुलीबाई तिला चहा पाजते, हातपंपाच्या पाण्याची तक्रार सांगते, आणि नदीचा विषय निघाला की गप्प. उद्या ती मेली तर पलीकडच्या काठावरच्या हाकेला काय म्हणतात, हे कोणाला विचारणार? मला?

"भीमसिंग काय म्हणे?" भाग्येशनं विचारलं.

ममतानं त्याला निरोप पाठवला, तर त्यानं भांडण केलं नाही. मी केलंच नाही, असंही म्हणाला नाही. म्हणाला, "चुकलं असेल माझं. शिकवणीच्या दिवशी भलतीकडं अंगठा लागला असेल. मला त्या फोनातलं काय कळतंय." आणि उद्या तो वसाहतीत येतोय. पंचांसमोर, विहिणीसमोर, सुनेसमोर हात जोडायला.

"म्हंजे उद्या शे ते?"

"उद्या. मलाही बोलावलंय, साक्षीला. मी काय सांगणार, जे बघितलं तेच. मला वाईट वाटतं रे त्याचं. सुनेसमोर मान खाली घालायची म्हणजे काय असतं. रात्री झोप लागत नाही मला त्याच्या लाजेनं."

भाग्येश म्हणाला, "चाचा, त्यानी लाज तुम्हले का बरं येवाले पाहिजे?"

मी चहाचा घोट घेतला. कप रिकामा होता, तरी घेतला.

ईश्वर उठला. मला वाटलं सीट भरली, निघाला. त्यानं हात धुतले, गमछ्याला पुसले, आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "चाचा, हे बटणं दाबायचं काम कोणत्या महिन्यात चाललं होतं?"

"हिवाळाभर. दिवाळी झाली तसं सुरू झालं, होळीच्या आधी संपलं. एक बाजार चुकवला नाही भीमसिंगनं."

"भीमसिंग माझा मामा आहे," ईश्वर म्हणाला. तो मोठ्यानं बोलला नाही, पण जीपमध्ये बसलेल्या बायांनीही वळून बघितलं. "दिवाळीनंतर मामाला आणि मामीला ऊसतोडीला गुजरातेत मीच सोडून आलो, आणि होळीला मीच घेऊन आलो. मध्ये तो एक दिवस इकडं आलेला नाही. तुमच्या ओट्यावर दुसरं कोणी बसतच नव्हतं, चाचा. दोन्ही फोन तुम्हीच दाबत होता."